गयाबाईनं परत आणलेला रबरी साप

सन १९९४. मी बावन्न वर्षांचा होतो. भवानीनगरच्या आठवडे बाजारात पाल ठोकून, खेळणी मांडून कंबर सरळ करतोय, तोवर माझ्या बारदानावर साप येऊन पडला.

शेजारी बांगड्या मांडणारी बाई ओरडत उठली. पुढं उभी असलेली दोन माणसं मागच्या मागं कांद्याच्या ढिगात जाऊन बसली. मी जागचा हललो नाही. साप माझाच होता. रबरी. मीच विकलेला.

"घ्या तुमचं जनावर," समोरची बाई म्हणाली. "आन् पुन्यांदा आमच्या पोरास्नी असलं काय देऊ नगा."

डोक्याला फडकं, हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे. ऊसतोडीची बाई हे लगेच कळलं. नाव गयाबाई. आष्टीकडची होती, हंगामाला टोळीबरोबर आली होती. बाजारच्या दिवशी टोळीला सुट्टी असायची.

"काय झालं? फाटला का?" मी विचारलं.

"फाटला असता तर बरं झालं असतं."

"मग माल चांगला हाय. न्हे घरी."

"मला पैसं नगंत, तात्या. फकस्त माघारी घ्या."

मी घेतला नाही. माझी भवानी व्हायची होती. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती व्हायच्या आधी विकलेला माल माघारी घेतला तर दिवसभर पालापुढं कुत्रं थांबत नाही, असं आम्ही बाजारकरी मानतो. आणि भवानी झाल्यावरही मी माघारी घेत नसे, ती गोष्ट वेगळी.

थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी मूळचा लोणी भापकरचा. आमच्या घरात मेंढरं होती. वडील गेले, चरायची रानं कमी झाली, तेव्हा मी मेंढरं मोडली आणि खेळण्याच्या धंद्यात पडलो. बारामतीत बिऱ्हाड केलं. पुण्याच्या ठोक गल्लीतून माल आणायचा, एस.टी.च्या टपावर पेटी टाकायची आणि बारामती-इंदापूरचे आठवडे बाजार करायचे. शाळा तिसरीपर्यंत. तरी पेटी उघडल्यावर कोणतं पोर कशाला हात घालील, हे मी पोराच्या आईच्या आधी सांगत असे.

तो साप हा त्या सीझनचा चालता माल होता. दोन हात लांब, पाठीवर घोणशीसारखे गोल ठिपके, तोंडात तांबडी जीभ. शेपटीला धरून हलवला की अंग वळवळायचं. क्वालिटी अशी की पहिल्या दिवशी पार्सल फोडताना माझ्या बायकोनं मला शिव्या दिल्या होत्या.

कंप्लेंटही मला नवी नव्हती. आदल्याच महिन्यात साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेच्या बाई दोन-तीन आयांना घेऊन आल्या होत्या, टिकलीच्या पिस्तुलावरून. टिकली म्हणजे कागदाचा बारका ठिपका, त्यात चिमूटभर दारू. चाप ओढला की फट् वाजतं. बाई म्हणाल्या, "मुलं एकमेकांच्या कपाळावर नेम धरतात. हे काय खेळणं आहे?" मी म्हणालो, "बाई, आमच्या वस्तीवर पोरगं नीट चालाय लागलं की गोफण घेतं. तिच्यातनं खरा धोंडा जातो. ह्याच्यातनं नुसता आवाज येतोय." बाई निघाल्या. सोबतच्या एका आईनं जाता जाता पिस्तूल घेतलं. त्यामुळं आयांच्या कंप्लेंटीला उत्तर कसं द्यायचं ते मला पाठ होतं.

गयाबाईला मी तेच लावलं. "खेळणं हाय. चावतंय व्हय ते?"

ती बसली. खाली, बारदानाच्या कडेला. आवाज चढवला नाही.

"तात्या, माजा पिंट्या तीन वर्साचा हाय. आमी पाटंचं कोयता घेऊन फडात शिरतो. पोरगं बांधावर. सासूबी मोळ्या बांधती, त्याच्याजवळ बसाय मानूस न्हाय. मग आमी काय करतो? पोराला भ्या घालून ठिवतो. लांबडं दिसलं की पळायचं, आयला हाक मारायची. ते भ्याच आमची पोरं राखतंय. तुमच्या खेळन्यानं तेवढं भ्या न्हेलं."

"कशावरनं?"

"परवा जावंची पोरगी वरडत आली. पिंट्या बांधाच्या बिळात हात घालून बसलावता. म्हनं, हितं माज्या सापाचा भाऊ ऱ्हातोय."

बांगडीवाली "अगं बाई" म्हणाली. मी म्हणालो, "पोरं बोलत्यात काय बी."

गयाबाई उठली. साप तसाच बारदानावर ठेवून चालायला लागली.

"ए, तुझा माल उचल."

"न्हाय उचलत. तुमचा तुमी बगा," ती वळूनही न बघता म्हणाली, आणि गर्दीत गेली.

विकलेला माल माझ्या पालात पडून राहिला. धंदा चालू केल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तो साप मी दुसऱ्याला विकू शकत नव्हतो, कारण तो तिचा होता. ठेवूनही घेऊ शकत नव्हतो, कारण तो माघारी घेतल्यासारखं झालं असतं. बांगडीवाली दिवसभर मला विचारत राहिली, "तात्या, पाव्हना जेवला का?" मी ठरवलं की बाजार उठला की जायचं आणि तिच्या दारात टाकून यायचं.

ऊन उतरताना पाल काढलं. पेटी चहाच्या टपरीवर ठेवली आणि साप पिशवीत घालून टोळीच्या तळाकडं चालत गेलो. कारखान्याच्या मागं, उसाच्या कडेला त्यांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची झोपडी. माणूस वाकूनच आत जातो. पलीकडं बैल वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खात होते. चुली पेटलेल्या, भाकरीचा वास. पुरुष मंडळी बाजारातून यायची होती.

गयाबाई चुलीपुढं होती. शेजारी तिची सासू आणि जाऊ. पिंट्या नागडा, हातात बाजरीच्या भाकरीचा तुकडा. मी पिशवीतून साप काढला. पोरानं भाकरी टाकली, धावत आला आणि माझ्या हातातून साप ओढून घेतला. मुका घेतला त्याचा.

"आला माजा बाब्या," म्हणाला. सापाचं नाव बाब्या होतं.

"तुमी आनला व्हय माघारी?" गयाबाई म्हणाली. "लाज तर न्हाय."

"मला एक सांग," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी ह्यानं साप हातात धरला, तवा तू काय केलंस?"

"काय करनार? हासले."

"आनि?"

जाऊ मध्येच बोलली, "आनि भाऊजी निजलंवतं, त्यांच्या अंगावर पोराच्या हातानं टाकाय लावला. भाऊजी लंगोटीवर बैलांपतूर पळालं. समदी टोळी हासली."

"झालं तर मग," मी म्हणालो. "भ्या माझ्या मालानं न्हाय गेलं. तुझ्या हासण्यानं गेलं."

मला हे कुठून कळलं ते सांगतो. मेंढरं राखताना आमच्याकडं लांडगा यायचा. कोकराला लांडगा माहीत नसतो. त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. तो समोर आला तरी कोकरू त्याच्याकडं बघत नाही, आईकडं बघतं. मेंढीनं कान ताठ केले, पाय आपटला, की कोकरू तिच्या पोटाखाली घुसतं. मेंढी चरत राहिली तर तेही चरत राहतं. कोकराचं भ्या आईच्या अंगात असतं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि माणसाचं पोर त्याहून वेगळं असेल असं मानायला मला काही कारण नव्हतं.

हे मी गयाबाईला सांगितलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "मग काय, खेळनं आनून पोरापुढं रडत बसू?"

"आता घाबरून दाखव. ह्या सापाला. तू घाबरलीस की ते घाबरंल."

"मी? ह्या रबराला? आवं, म्या कोयत्यानं दोन नाग मारल्यात ह्या हंगामात."

"मला नगं दाखवू तो रुबाब. पोराला भ्या दाखव."

सासू म्हणाली, "करून बग गं. म्हातारं एवढं चालत आलंय." बावन्नाव्या वर्षी मला म्हातारं म्हणणारी ती पहिली बाई. मी ते मनावर घेतलं नाही. घेतलं, पण बोललो नाही.

ठरलं असं की साप कोपीच्या दारात ठेवायचा, गयाबाईनं पाण्याची कळशी घेऊन यायचं, साप बघायचा आणि ओरडून पळायचं. पिंट्याला सासूनं मांडीवर घेतलं. गयाबाई कळशी घेऊन आली. दारापाशी थांबली. सापाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. जाऊ हसली. पिंट्यानं टाळ्या वाजवल्या.

"हासू नकोस," मी म्हणालो.

"तुमी तोंड तिकडं करा. तुमच्या तोंडाकडं बगून हासू येतंय."

मी बैलांकडं तोंड करून उभा राहिलो. मागं परत हसण्याचा आवाज. मग सासू म्हणाली, "व्हा बाजूला, तुमास्नी जमायचं न्हाय," आणि स्वतः उठली. ती मात्र झकास ओरडली. हात वर केले, "मेले मेले" म्हणाली आणि मागं सरकताना पिठाच्या परातीत बसली. टोळीतल्या बाकीच्या बायाही कोप्यांतून बाहेर येऊन बघायला लागल्या. पिंट्याला वाटलं हा नवीन खेळ आहे. त्यानं बाब्याला उचललं आणि एकेका बाईच्या मागं धावायला लागला. बाया खोट्या खोट्या पळायला लागल्या. तळावर जत्रा भरली.

मी कपाळावर हात मारून दगडावर बसलो. गयाबाई हसून हसून दमली, मग कळशी कमरेवर घेऊन माझ्याजवळ आली.

"तात्या, ह्यानं तर आजून वाटूळं झालं," ती म्हणाली. "आता त्याला वाटंल, साप धरला की समद्या बाया खेळत्यात."

ते खरं होतं. मी म्हणालो, "तू मनातनं घाबरत न्हाईस, म्हनून."

"रबराला कशी घाबरू मनातनं?"

आमचं हे चाललं होतं तेवढ्यात पिंट्या नजरेआड झाला. बाब्या चुलीजवळ पडलेला होता. पोरगं नव्हतं. गयाबाईनं हाक मारली. बांधाकडून पिंट्याचा आवाज आला, "आये, बाब्याचा भाऊ गावला!"

तो बांधावरून येत होता. हातात शेपटी, मागं फरफटत चाललेली घोणस. हातभर लांब, जाडजूड, पिवळसर पोटाची. रबराची नव्हती.

गयाबाईच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शब्द नव्हता तो. हातातली कळशी सुटली. चेहरा पांढरा पडला. ती पोराकडं धावली, आणि पोरगं उभं राहून तिच्याकडं बघत राहिलं. सापाकडं नाही. तिच्या तोंडाकडं. एक क्षण तो तसाच होता. मग त्यानं शेपटी सोडली, दोन्ही हात वर केले आणि आईच्याच आवाजात किंचाळला.

गयाबाईनं त्याला उचललं आणि तशीच मागं पळाली. चुलीजवळ आल्यावर थांबली. पोराला छातीशी धरून खाली बसली. पोराचे हात, पाय, बोटं बघत होती, पुन्हा पुन्हा, कुठं दात लागलेत का म्हणून. कुणी हसलं नाही. सासूच्या पाठीला पीठ लागलेलं होतं, तेही कुणी झटकलं नाही.

मी काठी घेऊन पुढं गेलो. घोणस हलत नव्हती. काठीनं उलथी केली. डोकं ठेचलेलं होतं. मग जावेला आठवलं. सकाळी बैलांना वाढं आणताना भाऱ्याखाली निघाली होती, पुरुषांनी मारली, संध्याकाळी जाळू म्हणून बांधावर टाकली आणि बाजाराच्या घाईत विसरले.

"मेलेली हाय," मी ओरडून सांगितलं. "ठेचलेली हाय. पोराला काय झालं न्हाय."

गयाबाईनं मान हलवली. पण पोराची बोटं बघायची थांबली नाही. मी घोणस काठीवर घेतली, बाजूला पाचट पेटवलं आणि पुरी जळेपर्यंत तिथं उभा राहिलो.

परत आलो तेव्हा पिंट्या आईच्या कमरेवर होता. खाली उतरायला तयार नव्हता. मी चुलीजवळचा बाब्या उचलला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं एकदा बाब्याकडं पाहिलं, लगेच आईच्या तोंडाकडं पाहिलं. आईचा चेहरा अजून तसाच होता. पोरानं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

"बघ," मी म्हणालो. "आईकडं बघितलं त्यानं. मी काय सांगत हुतो?"

"तात्या," गयाबाई म्हणाली, "तुमचं खरं झालं. आता जावा."

मी साप पिशवीत घातला.

"न्हेताय व्हय माघारी?" सासूनं विचारलं.

"मी माल माघारी घेत न्हाय. पडलेला हाय, उचलतोय."

तळावरून बाहेर पडताना दिवे लागले होते. येताना मी इकडं तिकडं पाहिलं नव्हतं, जाताना पाहिलं. एका कोपीच्या दाराला साप टांगलेला. एका पोराच्या गळ्यात. एक बैलाच्या शिंगाला गुंडाळलेला. सगळे माझेच. चालता माल होता, सांगितलंच मी. आणि प्रत्येक घरात तो आला तेव्हा कुणीतरी हसलेलं असणार.

पुढच्या बाजाराला मी पुण्याहून कागदी भिंगऱ्या आणि पत्र्याच्या टिकटिक्या आणल्या. टिकटिकी म्हणजे दाबली की बेडकासारखी वाजते ती. पालापुढं उभा राहून आरोळी ठोकली, "जुना साप द्या, नवी भिंगरी न्या! साप द्या, टिकटिकी न्या!" भांडीवाली बाई जुन्या कापडावर भांडं देते, तसा हा सौदा. माघारी घेणं वेगळं आणि बदली करणं वेगळं. तळावरची पोरं आधी आली, मग कॉलनीतली. काही पोरं साप द्यायला तयार नव्हती, त्यांना भिंगरी आणि टिकटिकी दोन्ही दिल्या. जी आलीच नाहीत त्यांच्या कोप्यांवर मी नंतर जाऊन आलो.

गयाबाई पिंट्याला कडेवर घेऊन आली. पिंट्याकडं द्यायला साप नव्हता. मी त्याच्या हातात भिंगरी दिली. त्यानं आधी आईकडं पाहिलं. ती हसली. मग त्यानं भिंगरी धरली.

"बिळात हात?" मी विचारलं.

"बीळ दिसलं की लांबनं जातोय," ती म्हणाली. "आन् मीबी आता सापाचं नाव घिऊन हासत न्हाय."

शाळेच्या बाई बाजाराला आल्या होत्या. पोत्यात पडणारे साप बघून थांबल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

"चांगलं करताय हो तुम्ही," म्हणाल्या. "मग आता पिस्तुलंही अशीच परत घ्या."

"पिस्तुलं उसात निघत न्हाईत, बाई," मी म्हणालो.

पिस्तुलं मी विकत राहिलो. सापही विकला, बारामती गावात, दुकानदारांच्या आणि साहेबलोकांच्या पोरांना. त्यांच्या अंगणात फरशी होती. उसाच्या फडाकडच्या बाजारात मात्र पुन्हा नेला नाही. खेळणं वाईट नव्हतं, हे माझं म्हणणं आजही आहे. कुठल्या दारात न्यायचं ते पाहिलं पाहिजे, एवढंच.

संध्याकाळी पोतं भरलं. गिऱ्हाइकांच्या हातचा, पोरांनी चावलेला माल. विकायचा कामाचा नाही, टाकायला जीव होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं एस.टी.त टाकलं आणि अंथुर्ण्याला उतरलो. तिथं सोपानराव माळी माझा जुना दोस्त. त्याचं डाळिंब पाडाला आलं होतं आणि राघूंनी त्याला रडकुंडीला आणलं होतं. आम्ही दोघांनी मिळून फांद्याफांद्यांवर साप गुंडाळले आणि बांधावर येऊन बसलो. थोड्या वेळानं राघूंचा थवा आला. पुढचा म्हातारा राघू फांदीवर टेकला, साप बघितला आणि ओरडत उडाला. बाकीच्यांनी साप बघितलासुद्धा नाही. त्याच्या मागं सगळे गेले.

सोपानराव खूश झाला. "तात्या, कुटवर चालंल हे?"

"त्यांच्यातलं एखादं हासंपतूर," मी म्हणालो आणि पोतं झटकून घडी घातलं.